लाल म्हणजे दहा की सोळा?

जुन्या गाडीत ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा एकदमच गप्प झाले, तर खर्चाच्या धसक्याने खिसा चाचपू नका. चार वस्तू ठरवून संप करत नाहीत. बहुतेक एकच फ्यूज उडालेला असतो.

१९५०-६०च्या दशकांतल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत फ्यूजच मुळी दोन असायचे. एकावर हॉर्न आणि आतला दिवा, दुसऱ्यावर चावी फिरवल्यावर चालणारं बरंचसं सामान. डब्यात जादाचे दोन खोचलेले. आणि हेडलाइटला? बहुतेकदा फ्यूजच नाही! वळणावर ऐन रात्री मिट्ट काळोख होण्यापेक्षा वायर तापलेली परवडली, असा हिशोब. अमेरिकनांनी त्यावर तोड काढली: हेडलाइटच्या बटणातच आपोआप तुटणारा आणि थंड झाला की पुन्हा जोडणारा ब्रेकर. शॉर्ट झालं की दिवे लुकलुकतात, पण रस्ता निदान मधूनमधून दिसतो.

त्या ब्रिटिश गाड्यांतल्या लूकस कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असे. हा आकडा फ्यूज उडण्याचा. सतत वाहायचा करंट त्याच्या निम्माच. अमेरिकन फ्यूजवरचा ३० मात्र वाहायचा आकडा. म्हणजे ३५च्या जागी अमेरिकन ३० बसवून ‘जरा सेफ केलं’ म्हणणाऱ्याने पहारा उलट सैल केलेला असतो.

खरी गंमत रंगांची. फियाट, बीटल अशा जुन्या युरोपियन गाड्यांतला फ्यूज दोन्ही टोकांना निमुळता, चिनी मातीचा नाहीतर प्लास्टिकचा, अंगावरून धातूची उघडी पट्टी. त्यात पिवळा ५ अँपिअर, पांढरा ८, लाल १६, निळा २५. मग १९७६मध्ये लिटेलफ्यूज कंपनीने दोन पात्यांचा प्लास्टिक फ्यूज आणला, तोच आज सगळीकडे दिसतो. त्यात लाल १०, निळा १५ आणि पिवळा चक्क २०! तेव्हा रंग विसरा, आकडा वाचा.

मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३पर्यंत धावलेली प्रीमियर पद्मिनी मुळात फियाट ११००च, म्हणजे फ्यूजही तेच निमुळते. निमुळत्या फ्यूजचं एक दुखणं जुने वायरमन बरोबर ओळखतात: फ्यूज शाबूत, तरी दिवा बंद. टोकांवर गंज चढलेला असतो. बोटाने फ्यूज जागच्या जागी दोन-चार वेळा फिरवला की दिवा लागतो. तात्पुरता. टोकं आणि क्लिपा पॉलिश पेपरने घासल्या, की मग खरा इलाज.

उडालेला काचेचा फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरा. काच स्वच्छ आणि तार मध्येच अलगद तुटलेली असेल, तर तो थकून किंवा थोड्या जादा भाराने गेला. नवा लावून बघायला हरकत नाही. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल, तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे आणि नवा फ्यूजही लावता क्षणी उडणार. आधी सोललेली वायर शोधा.

दहाचा फ्यूज दहावर उडतो, हाही गैरसमजच. पात्यांचा फ्यूज अकरा अँपिअर तासन् तास सोसतो. साडेतेरावर तो एका सेकंदाच्या आत जाईल किंवा दहा मिनिटंही तग धरेल. वीसवर मात्र पाच सेकंदांत खेळ खलास. शिवाय याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. करंट चालू ठेवून टेस्ट लॅम्प दोन्हींवर टेकवा. एकावर पेटला, दुसऱ्यावर नाही, तर फ्यूज गेला. उपटायचीही गरज नाही. बदलताना मात्र चावी बंद.

राहिली सिगारेटच्या पाकिटातली चांदी. ती उडालेल्या फ्यूजला गुंडाळली की गाडी चालते, पण आता वितळायची पाळी वायरीची. अमेरिकेत तर फ्यूजच्या जागी पॉइंट टू-टूची गोळी बसवून, ती तापून सुटल्याने जखमी झालेल्या माणसाची कहाणी वर्षानुवर्षं बातमी म्हणून फिरली. कहाणी रचलेलीच. पण गोळीची जाडी काचेच्या फ्यूजच्या जवळपास आहे, हे रचणाऱ्याने नक्की मोजून पाहिलं असणार.