पालावरचा पाऊस

मृगाचे ढग दिसू लागले की आपण कौले चाळतो, पत्र्याचे खिळे तपासतो, गच्चीच्या भेगा भरतो. पण ज्यांच्या डोक्यावर फक्त कापड आहे, त्यांनी काय करावे? बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, जवळच मेळघाटातून उतरणारी वान नदी. या मुलखात कापडाखाली राहणारे तऱ्हेतऱ्हेचे लोक दिसतात. मेंढरांमागे हिंडणारे धनगर, रस्त्याकडेला भाता लावणारे गाडी लोहार, आणि अलीकडे पाठीवर रंगीत तंबू घेऊन येणारी शहरातली मुले. जिल्ह्यातल्याच शेगावहून आषाढीसाठी पायी निघणाऱ्या वारकऱ्यांचेही मुक्काम वाटेत पडतात. कोणाचे ते घर, कोणाचा तो मुक्काम, कोणाची ती मौज. पाऊस मात्र सगळ्यांवर सारखाच पडतो.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री घ्या. तिच्यावर पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाऊस पडला, तर चारशे लिटरहून अधिक पाणी होते. दोन मोठी पिंपे भरतील एवढे. हे पाणी वाहून गेले तर ठीक. पण ताडपत्री कुठे सैल राहून पोटासारखी लोंबली, आणि तिथे फूटभर लांब-रुंद, अर्धा फूट खोल खळगा झाला, तरी त्यात चौदा लिटर पाणी साठते. ती भरलेली घागरच डोक्यावर टांगली म्हणायची! वजनाने खळगा वाढतो, पाणी वाढते, आणि मध्यरात्री काठी मोडते.

म्हणून पहिली गोष्ट उताराची. मधली दोरी आढ्यासारखी ताठ बांधावी, दोन्ही बाजू चांगल्या खाली ओढाव्यात, आणि एक कोपरा मुद्दाम जास्त खाली ठेवावा, म्हणजे पाणी तिथूनच पडेल. दुसरी गोष्ट अंतराची. वरचे आच्छादन आतल्या कापडाला टेकता कामा नये. मध्ये वीतभर तरी हवा खेळली पाहिजे. जाड सुती कापडाचे धागे भिजले की फुगतात आणि छिद्रे आपोआप बुजतात. पण आतून बोट लावले, किंवा ट्रंक टेकली, की तिथूनच ठिबकायला लागते. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. पहाटे आतून कापड ओले लागले तर ते गळणेच असेल असे नाही. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर पाणी बाहेर पडते. चार माणसे झोपली की ते कुठे जाणार? दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी फट ठेवावी.

तिसरी गोष्ट दोरीची. सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो. नायलॉनचा उलट सैल पडतो. पाऊस सुरू झाला की तणावे एकदा हाताने चाचपावेत. दोरीवरून पाणी ओघळत आत येत असेल, तर आडोशाबाहेरच तिच्यावर चिंधी बांधावी. थेंब तिथेच गळून पडतात. काळ्या जमिनीत भिजलेली खुंटी लोण्यातल्या सुरीसारखी निघते. तिथे लांब खुंटी तिरकी ठोकून वर धोंडा ठेवावा. खाली अंथरायचे प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर वरचे पाणी तेच आत आणते. शेताच्या कडेला मालकाला विचारून भोवती चर काढता येतो. जंगलात मात्र माती खणू नये, आणि वनखात्याच्या परवानगीवाचून तंबूही ठोकू नये.

पण हे सारे जागेनंतरचे. चुकीच्या जागी बांधलेली उत्तम ताडपत्रीही फुकट. एकाकी झाडाखाली वीज आणि फांदी, दोन्हींचे भय. नाल्याच्या काठची मऊ, सपाट वाळू तर मोहात पाडते, पण ती पुरानेच आणून टाकलेली असते. इथे डोक्यावर चांदणे असताना वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि कोरडा नाला भरून येतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी पुराचा तडाखा अनुभवला. पक्क्या भिंतींना जिथे पाणी जुमानले नाही, तिथे कापडाची काय कथा!

सहलीच्या मुलांचा तंबू गळला तर एक रात्र जागून जाते, आणि पुढे ती गंमत म्हणून सांगता येते. पालात पाणी शिरते तेव्हा चूल विझते, तान्हे मूल ओल्यात झोपते, पोराची वह्या-पुस्तके भिजतात. भिजलेली शिधापत्रिका, अक्षरे फुटलेले पासबुक घेऊन काउंटरपाशी अवघडून उभी राहिलेली माणसे मी नोकरीत पाहिली आहेत. त्यांच्या लेखी छत गळणे म्हणजे आपण कोण आहोत याचा कागदच वाहून जाणे.

तेव्हा वाचकहो, या पावसाळ्यात मुलांना तंबू ठोकायला जरूर शिकवा. आणि तुमच्या गावाबाहेर पाले पडली असतील, तर एक धड ताडपत्री, वीसेक हात दोरी आणि कागद ठेवायला घट्ट झाकणाचा डबा तिथे पोचता करा. ती कशी बांधायची, हे त्यांना सांगण्याची गरज नाही. उलट बांधताना जरा उभे राहून पाहा. या लेखाहून अधिक शिकायला मिळेल.