न्यूक्लियस : शब्द एक, अर्थ अनेक



दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळीची सभा होती. मी भरात येऊन सांगितले, "न्यूक्लियर विषाणू फवारा, मित्रकिडींना धोका नाही." सभा उठल्यावर मागे बसलेले एक आजोबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, अणूचं औषध आपण नाही मारायचं. घरात लेकरंबाळं आहेत, गोठ्यात दुभती जनावरं आहेत." मी हसलो आणि जीपमध्ये बसलो. आजोबांनी फवारणी केली नाही. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा त्यांच्या शेतातले निम्मे घाटे पोखरलेले होते. शब्द मी फेकला आणि अर्थ सांगितला नाही, तेव्हा चूक माझी. तो अर्थ आज सांगतो.

न्यूक्लियस हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ कवचाच्या आतला दाणा, गर. भुईमुगाची शेंग फोडून टरफल टाकले की हातात राहतो तो न्यूक्लियस. म्हणजे शब्द आपल्याच खळ्यातला, शास्त्रज्ञांनी तो उचलून प्रयोगशाळेत नेला इतकेच. मराठीत त्याला केंद्रक म्हणतात.

1831 साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किड जातीच्या झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. प्रत्येक पेशीत त्याला एक गोल ठिपका दिसला. त्याला त्याने न्यूक्लियस म्हटले. पिकाची उंची, दाण्याचा रंग, रोगाला तोंड देण्याची ताकद, असे आईबापाकडून आलेले बहुतेक गुण या केंद्रकातच साठवलेले असतात. ज्वारीत आहे, गाईत आहे, तुमच्या-माझ्यात आहे आणि घाटेअळीतही आहे.

आता आजोबांच्या शंकेकडे येऊ. फवारलेले पान अळीने खाल्ले की विषाणू तिच्या पेशींच्या केंद्रकात शिरतो आणि तिथेच वाढतो. म्हणून त्याच्या नावात न्यूक्लियर आले. अणुबाँबशी त्याचा काडीचाही संबंध नाही. रोग लागलेली अळी सुस्तावते, झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि डोके खाली करून लटकून मरते. तिची कातडी फुटून जो द्रव पानावर सांडतो, तो खाऊन दुसऱ्या अळ्या आजारी पडतात. माणूस, गुरे, मधमाशी यांना हा रोग होत नाही.

बाटलीवर 'एल.ई.' असे लिहिलेले असते. ते विषाणूचे प्रमाण मोजण्याचे एकक आहे. हेक्टरी 250 ते 500 एल.ई. वापरतात, तरी बाटलीवरची शिफारस आधी वाचावी. अळ्या लहान असतानाच फवारा आणि तेही ऊन उतरल्यावर, संध्याकाळी, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. त्यासाठीच फवारणीच्या पाण्यात थोडी राणीपाल घालतात, आणि अळीने आवडीने खावे म्हणून गूळ. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मरायला पाच-सात दिवस लागतात. बोटाएवढ्या झालेल्या अळीवर मात्र याची मात्रा फारशी चालत नाही.

अणूचे केंद्रक वेगळे. 1911 साली रदरफोर्ड यांनी दाखवले की अणूच्या पोटात अगदी इवलीशी जागा असते आणि अणूचे जवळजवळ सगळे वजन तिथेच असते. तिलाही न्यूक्लियस हेच नाव पडले. या केंद्रकाचाही शेतीशी संबंध आहे बरं का! ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा मारा करून भुईमुगात नवे गुण आणले. टीएजी-24 हे वाण अशाच बदल घडवलेल्या वाणांच्या संकरातून निघाले. त्याच्या नावातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. किरणे दिली ती कित्येक पिढ्यांपूर्वीच्या दाण्याला. तुम्ही पेरता त्या दाण्यात किरणे नसतात, खुशाल खा.

ढगातही केंद्रक लागते. धुळीचा किंवा मिठाचा बारीक कण मिळाला की त्याभोवती वाफ जमून थेंब धरतो. कृत्रिम पावसासाठी विमानातून असे कणच सोडतात. आपल्या राज्यात 2003 साली हा प्रयोग झाला. पण आभाळात मुळात जोगा ढगच नसेल तर कण सोडून काय होणार?

मधपाळ मंडळी राणीमाशीसह तीन ते पाच चौकटींच्या छोट्या पेटीला न्यूक्लियस म्हणतात. त्या दाण्यातूनच पुढे मोठी वसाहत वाढते.

आणि आता बियाणे, कारण इथे पैसा जातो. 'न्यूक्लियस दर्जाचे' असे छापलेली सोयाबीनची पिशवी एकाने चढ्या भावाने घेतलेली मी पाहिली. पिशवीला टॅगच नव्हता. न्यूक्लियस बियाणे दुकानात विकायला येत नाही. पैदासकार शास्त्रज्ञ वाणाची अस्सल झाडे निवडतो, एकेका झाडाचे बी वेगळ्या ओळीत पेरतो आणि एखादी ओळ जराही वेगळी दिसली तर ती सगळी उपटून टाकतो. उरते ते न्यूक्लियस, थोडेच असते. त्यापासून पैदासकार बियाणे होते, त्याचा टॅग सोनेरी पिवळा. त्यापासून पायाभूत, टॅग पांढरा. मग प्रमाणित, टॅग निळा. आपल्या पेरणीसाठी असते ते हेच. हिरवट लेबल असेल तर ते सत्यप्रत, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेले.

प्रमाणित सोयाबीनची उगवण शेकडा 70 तरी हवी. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. पिशवी टॅगच्या बाजूने फाडू नका, तळाकडून उघडा. टॅग, पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. उगवण फसली तर शेत मोडण्यापूर्वी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा. समिती पाहणीला आली की पहिल्यांदा टॅग आणि पावतीच मागते.