आधी रबर, मग शॉकअप

नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत माथेरानचा घाट चढणारी मारुती ओम्नी कर्जत-खालापुरात कुणाला नवी नाही. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसते ती ओम्नी जुनीच. तिला पुढे स्ट्रट, मागे पाटे. पावसाळाभर खड्डे खाल्ले की खडखड सुरू होते आणि मालक दुकानात जाऊन चारही शॉकअप मागतो. इतकी घाई नको.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. बंपर जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर शॉकअपमध्ये अजून दम आहे. दोन-तीनदा झुलली किंवा नळीवरून तेल ओघळलेलं दिसलं, तर तो गेला. बारीक खड्ड्यातही 'टक' वाजत असेल तर संशय आधी रबरावर घ्यावा: लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचं वरचं माउंटिंग, पाट्यांच्या टोकांचे बुश. आर्मखाली पहार घालून हलवलं की चिरलेलं रबर तोंड उघडतं. हे बुश शॉकअपच्या मानाने स्वस्त असतात. बॉल जॉइंट ढिला असेल तर मात्र घाटात जाऊच नका. तो निसटला तर चाक आडवं होतं.

खरेदीला जाताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि काढलेला जुना भाग, दोन्ही न्या. शॉकअप जोडीनेच बदलावेत, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. कंपनीचा माल घ्या, नाहीतर १९६१ पासून या धंद्यात असलेल्या गॅब्रिएलसारख्या नावाजलेल्या मेकचा. बिननावाचं रबर मला पटत नाही. जास्तीचा पाटा टाकायचा सल्ला तर त्याहून नाही: भरलेली गाडी बसत नाही हे खरं, पण रिकामी उडते आणि ओल्या वळणावर मागची चाकं पकड सोडतात.

बसवताना गॅरेजमध्ये उभे राहा. गाडी जॅकवर असतानाच बुशचा बोल्ट पुरता आवळला, तर ती खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हाताने लावायचा, चाकं जमिनीला टेकवायची, मगच पाना फिरवायचा. पुढचं काम केलं असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. पाटे उघडले असतील तर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.