चाँद पाहताना दिसलेला दुसरा उजेड

२ एप्रिल २०२२. सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि संध्याकाळी आपण गच्चीवर चढून रमजानचा चाँद शोधत होतो. चाँद दिसला, मुबारकबाद झाली, तरावीहची लगबग सुरू झाली. तेवढ्यात, पावणेआठच्या सुमारास, विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिपक्यांची रांग शेपट्या ओढत सावकाश निघून गेली. कुणाला उल्का वाटली, कुणाला पेटलेले विमान, कुणाला क्षेपणास्त्र. मोबाईलवर अफवांना ऊत आला.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे दोन-तीन मीटर व्यासाचे कडे पडले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अभ्यासकांनी माग काढला तेव्हा कळले, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचे अवशेष असावेत.

चाँदची गवाही देणाऱ्याला उलेमा खोदून विचारतात : कुठल्या दिशेला दिसला, किती उंचीवर, टोके कुठल्या बाजूला होती? अनोळखी उजेड दिसला की हेच प्रश्न स्वतःला विचारावेत. तो किती वेळ दिसला? लुकलुकत होता का? सरकत होता की स्थिर?

सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सहरीच्या वेळी पूर्वेला पांढराशुभ्र, स्थिर दिवा दिसला तर तो बहुधा शुक्र. तो सूर्यापासून फार लांब जात नाही, म्हणून आपल्याकडे मध्यरात्री कधीच दिसत नाही. लाल-हिरवे दिवे मिचकावते ते विमान. न मिचकावता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडते ते बहुधा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच भर आकाशात विझल्यासारखे होते. माळेसारखे एकामागे एक जाणारे ठिपके स्टारलिंकचे उपग्रह. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा मात्र उल्केहून कमी वेगाने येतो, म्हणून तुटत-जळत बराच वेळ दिसतो. असा तुकडा जमिनीवर सापडला तर हात लावू नये. त्यात विषारी इंधन उरलेले असू शकते. पोलिसांना कळवावे.

पैगंबर (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, या दुःखाने सूर्यही काळवंडला. शोकात असतानाही पैगंबरांनी हा समज खोडून काढला. कुणाच्या जन्मामरणामुळे ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ही अफवा तर त्यांचा मान वाढवणारी होती, तरीही त्यांनी ती चालू दिली नाही.

रोजा जिभेचाही असतो. आज सहरीला उठाल तेव्हा मुलांना घेऊन गच्चीवर जा. काही चमकताना दिसले तर आधी नीट पाहा, घड्याळात वेळ बघा, दिशा लक्षात ठेवा. व्हिडिओ पुढे पाठवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.