काळ्या खडकातली जांभळी गार

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मधली भिंत अजिंठ्याच्या डोंगररांगेची. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पूर्णेचा जाड गाळ पसरलेला आहे. तिथे खडक सहसा दिसत नाही. घाटावर चिखली, मेहकर, लोणारच्या बाजूला मात्र काळ्या मातीचा थर पातळ झाला की लगेच मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. ॲमेथिस्ट, अकीक, साधा स्फटिक आणि झिओलाइट ही या पाषाणाची संपत्ती आहे. हे डोंगर वाळवंटी नव्हेत, पण एप्रिल-मे महिन्यांत ते इतके उघडेबोडके होतात की खडकाचे थर दुरूनही मोजता यावेत.

हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. आज त्यांनी जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. वर येताना दाब कमी झाला की लाव्हात विरघळलेले वायू सुटू लागतात, आणि प्रवाहाचा माथा थिजताना त्यांचे बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून एकाच प्रवाहाचा मधला भाग घट्ट आणि माथा सच्छिद्र असतो. काही पोकळ्या मोहरीएवढ्या असतात, तर काहींत माणसाचा हात खांद्यापर्यंत जातो. रत्न शोधणाऱ्याला घट्ट पाषाणाचा उपयोग नाही. त्याचे काम या सच्छिद्र माथ्याशी, ज्याला खडीचा व्यवसाय कमी प्रतीचा दगड मानतो.

पोकळी भरण्याचे काम पाण्याने केले. खडकातून झिरपताना ते सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून घेते आणि पोकळीत थोडेथोडे टाकते. फुटलेल्या पोकळीच्या कडेवर हा क्रम वाचता येतो. अगदी बाहेर, खडकाला चिकटून, बऱ्याचदा हिरवट मातकट साल असते, ते सेलॅडोनाइट. त्याच्या आत राखी-निळसर अकिकाच्या पट्ट्या, काही तर कागदाइतक्या बारीक. मग पांढऱ्या स्फटिकांची दाट रांग, आणि सर्वांत आत, मोकळ्या जागेकडे तोंड करून, जांभळी टोके. जांभळा रंग सहसा टोकांतच गडद असतो, बुडाशी स्फटिक फिकट किंवा पांढराच राहतो. कधी या टोकांवर कॅल्साइटचा एखादा खडा उशिरा येऊन बसलेला आढळतो.

ॲमेथिस्ट म्हणजे गारगोटीच. क्वार्ट्झच्या जाळीत सिलिकॉनच्या जागी लोहाचे अत्यल्प अणू शिरतात, आणि आसपासच्या खडकातील पोटॅशियमसारख्या मूलद्रव्यांच्या किरणोत्सर्गाने लाखो वर्षांत त्या लोहाची विद्युतभार-स्थिती बदलते. त्यामुळे ते पिवळा-हिरवा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना जांभळा रंग दिसतो. हा रंग पक्का नाही. दीर्घकाळ कडक उन्हात ठेवलेला खडा फिका पडतो. चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला तर बहुधा पिवळा होतो. बाजारात ‘सिट्रीन’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ खडे असे भाजलेले ॲमेथिस्टच असतात. जगातील मोठा पुरवठा ब्राझील आणि उरुग्वेतून येतो. तिथलाही यजमान खडक बेसाल्टच, मात्र वयाने दख्खनच्या दुप्पट.

पैलू पाडण्याजोगा जांभळा खडा दख्खनमध्ये तुलनेने कमी मिळतो. या खडकाची खरी कीर्ती झिओलाइट गटाच्या खनिजांमुळे आहे. पीच रंगाचा स्टिल्बाइट कापणीनंतर बांधलेल्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला आणि टोकांशी पसरलेला असतो. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया हात लागताच मोडतात. त्यांच्यासोबत येणारा, पण या गटात न मोडणारा ॲपोफिलाइट कधी पारदर्शक, कधी हिरवा असतो. ही खनिजे दागिन्यात टिकत नाहीत, कारण ती मऊ आणि ठिसूळ आहेत. पण संग्राहक त्यांच्यासाठी ॲमेथिस्टपेक्षाही जास्त मोजतात. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय प्रामुख्याने याच नमुन्यांवर उभे आहे.

दख्खनच्या पठारावर रत्नांसाठी वेगळ्या खाणी क्वचितच खणल्या जातात. विहीर खणताना, रस्त्यासाठी डोंगर कापताना किंवा खदानीत सुरुंग उडवल्यावर पोकळी उघडी पडते. सुरुंगाच्या धक्क्यानेच निम्मा माल फुटतो, उरलेला क्रशरमध्ये जातो. दख्खनच्या कित्येक उत्तम नमुन्यांची खडी होऊन ती रस्त्याखाली गेली असणार, यात शंका नाही. नमुना वाचवायचा तर पोकळीच्या भोवतालचा पाषाण छिन्नी-हातोड्याने दूरवरून फोडत यावे लागते. आत सळई किंवा पहार घातली की संपलेच.

या दगडांना बाजार मात्र फार जुना आहे. लगतच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन मणी मोठ्या संख्येने मिळाले. पैठणहून गाड्या भरून भडोच बंदराकडे जाणाऱ्या अकीकवर्गीय दगडांची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे.

आज अकीक आणि जास्पर ही कायद्याने गौण खनिजे आहेत; क्वार्ट्झही २०२५ पर्यंत त्याच यादीत होते. केंद्र सरकारने १० फेब्रुवारी २०१५ रोजी ही तिन्ही या यादीत घातली होती. गौण खनिजांच्या उत्खननाची परवानगी राज्य शासनाकडून घ्यावी लागते. लोणार आणि ज्ञानगंगा ही जिल्ह्यातील दोन्ही ठिकाणे अभयारण्ये आहेत. तिथे खणणे सोडाच, वाटेवरचा दगड उचलून पिशवीत टाकण्याचा मोहही आवरावा. लोणारच्या बाबतीत तर त्याला आणखी एक कारण आहे. उल्काघाताने बेसाल्टमधील फेल्डस्पारची काच झाली, तिला मास्केलिनाइट म्हणतात. तसा खडक पृथ्वीवर इतरत्र क्वचितच सापडतो, आणि मंगळावरून आलेल्या अशनींशी तुलना करण्यासाठी शास्त्रज्ञांना तो लागतो.