यंत्रावर टिकणं आणि सांध्यात टिकणं

सांध्यातली कूर्चा एकदा झिजली की ती परत भरून येत नाही. शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे निरीक्षण मांडलं आणि आजही ते फारसं बदललेलं नाही. हाडाच्या टोकावरच्या या गुळगुळीत थरात रक्तवाहिन्या नसतात, पेशीही विरळ असतात. त्यामुळे दुरुस्तीचं सामान तिथवर पोहोचतच नाही. पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या गुडघ्यात असा खड्डा पडला, तर अख्खा सांधा बदलायला वय कमी असतं आणि गोळ्या खात दिवस काढायला पुढचं आयुष्य मोठं असतं. अशा वेळी खड्ड्यापुरता कृत्रिम पदार्थ बसवावा, ही कल्पना मुळात शहाणपणाची आहे. अडचण येते ती तो पदार्थ पारखण्यात. ‘नैसर्गिक कूर्चेपेक्षाही मजबूत’ अशी बातमी आली की निम्मं काम झालं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मजबुती ही परीक्षेची पहिली पायरी असते. शेवटची पायरी रुग्णाच्या शरीरात, शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक वर्षांत पार पडते, आणि ती मोजण्याची सोय नसेल तर आधीच्या सगळ्या चाचण्या अपुऱ्या ठरतात.

परीक्षा कशाची घ्यायची हे कूर्चेच्या कामावरून ठरतं. गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असते आणि तिच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग पाणी असतं. कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे रेणू अशी तिची बांधणी असते. पाऊल पडलं की आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि भाराचा मोठा वाटा ते पाणीच पेलतं. म्हणूनच साध्या चालण्यातही शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार झेलून हा थर वर्षानुवर्षं टिकतो. पर्यायी पदार्थाला हे सगळं जमलं पाहिजे. त्यामुळे प्रयोगशाळेत तो दाबून, ताणून पाहतात, वासराच्या रक्तद्रवात बुडवून लाखो वेळा घासतात. चालताना एका पायाचा गुडघा वर्षाला साधारण दहा लाख वेळा वाकतो असं धरतात, म्हणून दहा लाख आवर्तनं म्हणजे जेमतेम एक वर्ष. पदार्थाचे कण पेशींना त्रास देतात का, समोरच्या निरोगी कूर्चेला तो ओरखडे पाडतो का आणि खालच्या हाडाला तो पक्का धरून राहतो का, हेही तपासावं लागतं. यातले शेवटचे दोन प्रश्न सर्वांत अवघड आहेत, आणि मजबुतीच्या आकड्यात त्यांचं उत्तर नसतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये जाहीर केलेलं हायड्रोजेल हे याचं चांगलं उदाहरण. सेल्युलोजच्या बारीक धाग्यांचं जाळं आणि त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाणी धरणारं बहुवारिक, अशी त्याची रचना. ताण सोसण्यात ते नैसर्गिक कूर्चेपेक्षा २६ टक्के आणि दाब सोसण्यात ६६ टक्के सरस ठरलं. यंत्रात दहा लाख वेळा घासल्यावर त्याची झीजही नैसर्गिक कूर्चेपेक्षा कमी भरली. हे काम मोलाचं आहे, कारण त्याआधीची बहुतेक जेल गुडघ्याचा भार पेलण्याइतकी दणकट नव्हती. संशोधकांनी जेल हाडात थेट न बसवता टायटॅनियमच्या बैठकीवर चिकटवण्याची युक्ती काढली आणि पुढची चाचणी मेंढ्यांवर नेली, यावरून खरा पेच कुठे आहे हे त्यांनाही उमगलेलं दिसतं. जेल तुटेल की नाही यापेक्षा ते जागेवर राहील की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

यंत्र आणि शरीर यांच्यातली दरी किती खोल असते, हे सर जॉन चार्नली यांच्या अनुभवातून स्पष्ट दिसतं. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन अत्यंत निसरडं आणि रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय, म्हणजे कागदावर आदर्श पदार्थ. सुमारे तीनशे रुग्णांमध्ये ते बसवलं गेलं. दोन-तीन वर्षांतच वाट्या भराभर झिजल्या, झिजेच्या कणांनी भोवतीच्या ऊतींत दाह निर्माण केला आणि वाट्या काढाव्या लागल्या. त्यानंतर भर घालून कडक केलेलं टेफ्लॉन यंत्रावर कितीतरी पट टिकाऊ ठरलं, पण शरीरात त्याची तीच गत झाली. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने आणलेला पॉलिएथिलीनचा तुकडा चार्नलींच्या तंत्रज्ञाने, हॅरी क्रेव्हन यांनी, यंत्रावर चढवला आणि तीन आठवडे घासूनही तो जेमतेम झिजला. तरी आधीचा धडा विसरता येत नव्हता. चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी उठल्या, पॉलिएथिलीनच्या जागी फारसं काही झालं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या वाट्या रुग्णांत बसू लागल्या, आणि त्यांनी अनेक वर्षं रुग्णांचा पाठपुरावा केला. आज जगभर वापरात असलेल्या सांधेबदल शस्त्रक्रियेचा पाया या चिकाटीने घातला गेला.

आता नियमांच्या चौकटीतलं उदाहरण पाहू. पायाच्या अंगठ्याच्या झिजलेल्या सांध्यासाठी ‘कार्टिव्हा’ हे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जेलचं लहान दंडगोलाकार रोपण अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१६ मध्ये मंजूर केलं. त्यामागे ब्रिटन आणि कॅनडातल्या १२ केंद्रांवरची नियंत्रित चाचणी होती. १५२ रुग्णांत रोपण बसवलं आणि ५० जणांचा सांधा नेहमीच्या पद्धतीने कायमचा जोडून टाकला. दोन वर्षांनी वेदना, हालचाल आणि सुरक्षितता यांच्या एकत्रित निकषावर रोपण जुन्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरलं नाही; १५२ पैकी १४ जणांमध्ये ते काढून सांधा जोडावा लागला. त्याच चाचणीतल्या रुग्णांच्या पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही सुमारे ८५ टक्क्यांचं रोपण टिकून होतं. इतकं असूनही इतर शल्यचिकित्सकांकडून रोपण हाडात खचल्याच्या, पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्याच्या नोंदी येत राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून परत घेतलं. चाचणी खोटी नव्हती. पण चाचणीतले रुग्ण निवडून घेतलेले असतात आणि शल्यचिकित्सक सरावलेले असतात. बाहेर हजारो हातांनी, हर तऱ्हेच्या हाडांत तेच रोपण बसवलं जातं, तेव्हा निकाल बदलू शकतात. हा बदल कळतो तो केवळ नोंदींमुळे.

नोंदी नसल्या तर काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. कृत्रिम खुब्याचं एएसआर हे धातूवर धातू घासणारं रोपण ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतलं गेलं. यंत्रावर, आदर्श कोनात बसवलेली वाटी उत्तम चालत होती. माणसात कोन थोडा बदलला की तिची कड घासून धातूचे कण सुटत होते. हा दोष लवकर लक्षात आला तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे, आणि तिथे हे रोपण २००९ मध्येच मागे घेतलं गेलं होतं. भारतात ते सुमारे ४,७०० जणांना बसवलं होतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तक्रार दाखल करण्यात पुढाकार घेतला. पुढे केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने भरपाई सुचवली, पण ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. ज्यांचा पत्ता नाही त्यांच्या रक्तातल्या धातूची तपासणी कशी करणार आणि त्यांना भरपाई तरी कशी देणार?

यावर काही आक्षेप येतात, आणि ते वाजवी आहेत. पहिला असा की यंत्र इतकं चुकत असेल तर त्याच्यावर वेळ का घालवायचा? उत्तर सरळ आहे. यंत्र पदार्थाला नापास करू शकतं, पास करू शकत नाही. टेफ्लॉनची झीज माणसात बसवण्याआधी नीट मोजली गेली असती, तर शेकडो रुग्णांचा त्रास वाचला असता. दुसरा आक्षेप जनावरांवरच्या प्रयोगांचा. मेंढी किंवा बोकड चार पायांवर चालतो, त्याची कूर्चा माणसापेक्षा पातळ असते, तेव्हा त्याच्यावरून माणसाचं काय कळणार? पूर्ण कळत नाही हे खरं; पण हाड रोपणाला धरतं की झिडकारतं आणि समोरचा थर खरवडला जातो का, हे जिवंत सांध्याशिवाय दिसत नाही. म्हणून यंत्राने आधी चाळणी करावी आणि जनावरं शक्य तितकी कमी वापरावीत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: वेदनेने झोप उडालेल्या रुग्णाने दहा वर्षं वाट पाहायची का? नाही. दोन-तीन वर्षांच्या सचोटीच्या चाचणीनंतर रोपण उपलब्ध व्हावं; मात्र बसवलेल्या प्रत्येक रोपणाची नोंद सक्तीची असावी, म्हणजे वाट पाहायची वेळही येत नाही आणि डोळ्यांवर पट्टीही राहत नाही.

ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. स्वीडनमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून ठेवली जाते. भारतात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१८ पासून लागू झाले. पण कोणी काही कळवलं तरच उमटणारी तक्रार वेगळी आणि प्रत्येक रुग्णाची पहिल्या दिवसापासून ठेवलेली नोंद वेगळी. कूर्चेसाठीची कृत्रिम जेल उद्या आपल्याकडेही येतील, आणि यावीतच. तेव्हा शल्यचिकित्सकाला तीन गोष्टी विचाराव्यात: हा पदार्थ माणसांत किती वर्षं पाहिला गेला आहे, तो फसला तर पुढची शस्त्रक्रिया कोणती, आणि माझ्या रोपणाचा क्रमांक कुठे नोंदला जाणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक रुग्णालयाला देता यावं यासाठी कायद्याने सक्तीची नोंदवही उभी करणं, हे सरकारचं काम आहे; आणि नवी रोपणं बाजारात येण्याआधीच ते व्हायला हवं.