मुखवटा नसलेली नायिका

वैशाखऱ्यासारख्या गावातली मुलेही आज भिंतीवर चढणाऱ्या स्पायडरमॅनवर खूष असतात. असू द्या! पण बंधू-भगिनींनो, जाणत्या मुलांना नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) जरूर दाखवा. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीला मुखवटा लागत नाही.

२०१८ साली त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला. करमाळ्याच्या जागी उदयपूर आले, झगमगाट वाढला. जातीची धार मात्र बोथट झाली. 'सैराट'च्या शेवटी लेकरू उरते. त्याची रक्ताळलेली पावले आपल्याला विचारतात, आता याचे कोण? 'धडक'मध्ये ते लेकरूही मारले जाते, आणि प्रश्नही संपतो.

दोन्ही पाहिल्यावर मुलांना एवढेच विचारा : नक्कल करताना काय गाळले, आणि का?